कोपऱ्यातले आभाळ

विंडोज १०चा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून आमच्या शाळेच्या कार्यालयातल्या संगणकावर उशिरा का होईना विंडोज ११ बसले, आणि १९९५पासून डाव्या कोपऱ्यात गुमान बसणारे ‘स्टार्ट’चे बटण उठून थेट खालच्या पट्टीच्या मधोमध आले.

परवा जिंतूर तालुक्यातले एक काका मुलाच्या बोनाफाईडसाठी समोर उभे होते. मी सवयीने डाव्या कोपऱ्यात बाण नेला. तिथे आता हवामान राहायला आले आहे, आणि नुसता बाण टेकला तरी त्याचा भलामोठा फलक उघडतो. परभणी, ३९ अंश.

काकांनी टेबलावर कोपरे टेकली. “सर, पाऊस कधी दाखवायलंय?”

“काका, मी बटण शोधतोय.”

“शोधा की. पर बुधवारी ढग हाय का तेवढं बघा. शंभर मिलिमीटर झाल्याबिगर पेरू नका म्हणायलेत, अन् मृग तर कोरडाच चाललाय.”

मी फलक मिटवला, हात पुन्हा कोपऱ्यातच गेला, फलक पुन्हा उघडला. सर आपल्यासाठीच दाखवताहेत, अशी खात्री पटल्याने काकांनी व्हरांड्यातल्या सोबत्याला हाक मारली, “ये रं, सरांकडं आभाळ हाय!” तो आला, त्याच्यामागे आणखी एक आला. हवामानाखाली कुणा नटीच्या लग्नाची बातमी होती. तिचेही सामुदायिक वाचन झाले. आतून मुख्याध्यापकांनी दोनदा घंटी वाजवली.

२०१२च्या विंडोज ८मध्ये हे बटण काढूनच टाकले होते आणि ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी परत आणले होते, तरी मायक्रोसॉफ्टवाल्यांना काही राहवत नाही. विंडोज ११मध्ये उजव्या क्लिकची यादी आखडून नेहमीचे कितीतरी पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या माळ्यावर टाकले, खालची पट्टी पडद्याच्या वर किंवा कडेला लावण्याची जुनी मुभा येतानाच काढून घेतली, आणि बदल्यात खिडक्यांचे कोपरे गोल करून दिले. माझ्या कोणत्या कामाला चौकोनी कोपरा बोचत होता, हे मला कुणी विचारले नाही.

संध्याकाळी त्या खालच्या पट्टीच्या, म्हणजे टास्कबारच्या, सेटिंग्जमध्ये अलाइनमेंट ‘लेफ्ट’ केली. बटण स्वगृही परतले, मी सुखाने झोपलो.

आज शाळा उघडते न उघडते तोच काका हजर, सोबत चौघे. पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून ते हिरमुसल्या आवाजात म्हणाले, “सर, इथलं आभाळ कुठं नेलं?”

मी निमूटपणे पुन्हा सेटिंग्ज उघडल्या.