ढवळ्या, पवळ्या आणि नेब्रास्कातलं जर्मन

आमच्याकडे दोन कुत्री आहेत, पांढरा तो ढवळ्या आणि तपकिरी तो पवळ्या. दोघंही शेल्टरमधून आणलेले, आईबाप कोण, जात कुठली काही पत्ता नाही, पण दोघांना मराठी कळतं. बस, थांब, इकडे ये, सोड ते घाण आहे. आणले तेव्हा मी दिवसभर घरी असायचे आणि कुत्र्याशी इंग्रजी बोलायला मला जमतच नाही, तोंडातून येतच नाही, त्यामुळे अमेरिकन नवऱ्यालाही ‘बस’ आणि ‘थांब’ शिकावं लागलं. त्याला ळ येत नाही, तो दवल्या-पवल्या म्हणतो. कुत्र्यांनी ते चालवून घेतलंय.

तर जूनच्या शेवटी (२०२५ चा जून) आम्ही डेन्व्हरहून नेब्रास्काला निघालो, नवरा, मी, अकरा वर्षांची लेक, हे दोघे आणि टपावर तंबू. नवऱ्याचे खापरपणजोबा जर्मनीहून येऊन तिथे शेती करत होते. सासरे ७८ वर्षांचे आहेत, लिंकनला राहतात, आणि गेली चार वर्षं म्हणतायत की नातीला एकदा ते चर्च आणि ती थडगी दाखवा, मी आहे तोवर. आपण कुलदैवताला जाऊन येतो ना, तसंच. फक्त अभिषेकाची पावती नाही आणि वाटेत कुणी पाहुणे लागत नाहीत, वाटेत नुसता मका. कॅम्पिंग अशासाठी की कुत्री घेऊन हॉटेलात गेलं की वेगळी फी लावतात आणि पवळ्या लिफ्टला घाबरतो, मग सहावा मजला जिन्याने.

पहिला मुक्काम ओगलालाजवळ, लेक मॅकोनॉहीला. नॉर्थ प्लॅट नदीवर किंग्सली धरण बांधून झालेला तलाव, नेब्रास्कातला सगळ्यात मोठा, आणि काठाला पांढरी वाळू, म्हणजे समुद्र नसलेल्या राज्यात चक्क बीच. वाळूत तंबूच्या खुंट्या धरत नाहीत हे आम्हाला रात्री अकराला वारा सुटल्यावर कळलं. नवरा अंधारात दगड शोधतोय, लेक टॉर्च धरून खिदळतेय, ढवळ्या ओल्या अंगाने माझ्या स्लीपिंग बॅगमध्ये. त्यात चार जुलै, इथला स्वातंत्र्यदिन, जवळ आलेला, पलीकडच्यांनी फटाके काढले आणि मग पवळ्यापण माझ्याच अंगावर. सांगलीला आमचा मोत्या दिवाळीचे चार दिवस पलंगाखाली काढायचा, इथे तंबूत पलंग कुठून आणायचा.

रविवारी सकाळी, २९ जूनला, शेगडीवर चहा ठेवला आणि फोन वाजायला लागला तो थांबेचना. फॅमिली ग्रुप. तुम्हाला सगळं माहितीय तरी थोडक्यात सांगते, १६ एप्रिलला सरकारने जीआर काढला होता की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य, मग ओरड झाल्यावर १७ जूनला सुधारित जीआर आला, त्यात अनिवार्य शब्द काढला पण हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ राहणार आणि हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर वर्गातली किमान २० मुलं पाहिजेत. म्हणजे हात पुढून काढून मागून घातला. आणि त्या रविवारी दोन्ही जीआर रद्द झाले, नरेंद्र जाधवांची समिती नेमली. दादाने पेढ्यांचा फोटो टाकला. मी लिहिलं, मस्त झालं, पण मराठी शाळांना मुलं मिळत नाहीत त्याचं काय?

झालं. दादाचा फोनच आला.

“तू तिकडं बसून शानपना शिकवू नको. माझी दोन्ही पोरं मराठी शाळेत जातात. तुझ्या लेकीला मामाशी मराठीत बोलून दाखवू दे, मग बोल.”

लेक शेजारीच होती. तिला सगळं समजलं, तिला मराठी समजतं पूर्ण, पण उत्तर इंग्रजीत येतं. दोन वर्षं रविवारच्या मराठी शाळेत घातली होती, महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीतले लोक चालवतात, फार मनापासून शिकवतात, पण सॉकरच्या मॅचेस रविवारीच असतात आणि मी सॉकर निवडला. कुणी जीआर काढला नव्हता. चहा उतू गेला, मी काही बोलले नाही.

तिथून इंटरस्टेट ८० ने पूर्वेला. साडेतीन तासांचा रस्ता, मध्ये एक तास घड्याळातून जातो कारण टाइम झोन बदलतो, आणि दोन कुत्री म्हणजे दर रेस्ट एरियाला थांबा. प्लॅट नदी रस्त्याच्या कडेने येत राहते, रुंद, उथळ, आळशी. नेब्रास्का हे नावच मुळात ओटो आणि ओमाहा लोकांच्या भाषेतलं, अर्थ सपाट पाणी, आणि फ्रेंच आले त्यांनी नदीला प्लॅट म्हटलं, त्याचाही अर्थ सपाट. ओटो लोक गेले, नाव ठेवून गेले. तेही स्वतःहून गेले नाहीत म्हणा.

सासरे हॅम्प्टन गावाच्या अलीकडे त्या चर्चपाशी गाडी लावून आमची वाट बघत बसले होते. लहान पांढरं लाकडी चर्च, चारी बाजूंनी मका, मागे कुंपण घातलेली दफनभूमी. कुत्र्यांना आत नेऊ का विचारलं तर म्हणाले इथे झोपलेले सगळे शेतकरी आहेत, कुत्र्यांचं त्यांना काही वाटणार नाही, फक्त दगडांपाशी पाय वर करू देऊ नकोस. म्हणून दोन्ही पट्टे हाताला गुंडाळून मी चालत होते आणि नजर निम्मी पवळ्याच्या मागच्या पायावर होती.

खापरपणजोबा आणि खापरपणजीचा दगड एकच आहे. डावीकडे ते, गेले १९११ ला. अक्षरं ती जुन्या वळणाची, काटेकुटे असलेली, वर ‘हिअर रुट इन गॉट’, म्हणजे इथे देवाच्या ठायी विसावला, खाली गेबोरन आणि गेश्टोर्बन. उजवीकडे त्या, गेल्या १९२२ ला. तोच दगड, मध्ये बोटभर रुंद उभी रेघ, आणि रेघेच्या पलीकडे साधी सरळ इंग्रजी अक्षरं, बॉर्न आणि डाइड. डावीकडची अक्षरं खोल आहेत, बोट घातलं तर कडा लागतात, आत शेवाळं साठलंय. उजवीकडची उथळ. त्या बाईला इंग्रजी नीटसं येतच नव्हतं असं सासरे म्हणाले. स्वतःच्या थडग्यावरचं तिला वाचता आलं नसतं.

त्या अकरा वर्षांत काय झालं? पहिलं महायुद्ध झालं, जर्मनी शत्रू झाला आणि जर्मन बोलणारा शेजारी संशयित झाला. नेब्रास्कात ‘स्टेट कौन्सिल ऑफ डिफेन्स’ नावाचं प्रकरण होतं, ते पाद्र्यांवर दबाव आणायचं की प्रवचन इंग्रजीत करा. शेजारच्या आयोवात १९१८ च्या मे महिन्यात गव्हर्नर हार्डिंगने फर्मान काढलं की सार्वजनिक ठिकाणी, रेल्वेत, टेलिफोनवर, फक्त इंग्रजी. टेलिफोनवर! आणि युद्ध संपल्यावर, एप्रिल १९१९ ला, नेब्रास्काने कायदा केला, सायमन अॅक्ट, आठवी पास होईपर्यंत मुलाला इंग्रजी सोडून दुसरी भाषा शिकवायची नाही, सरकारी शाळेत नाही, चर्चच्या खाजगी शाळेतही नाही.

आता मजा बघा, हॅम्प्टनजवळच्याच एका चर्चच्या एकखोली शाळेत रॉबर्ट मायर नावाचे मास्तर होते. ते दुपारच्या सुट्टीच्या वेळात मुलांना जर्मन शिकवायचे, सुट्टी म्हणजे शाळा नाही अशी आपली पळवाट. २५ मे १९२० ला सरकारी वकील वर्गात येऊन उभा राहिला, तेव्हा दहा वर्षांचा एक पोरगा जर्मन बायबलमधली गोष्ट वाचत होता. मास्तरांना २५ डॉलर दंड झाला. ते लढले, राज्याच्या सुप्रीम कोर्टात हरले, मग वॉशिंग्टनला गेले आणि ४ जून १९२३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ ने कायदा मोडीत काढला. मायर विरुद्ध नेब्रास्का, अमेरिकेत लॉ शिकणाऱ्या पोरांना हा खटला अजून वाचावा लागतो. जिंकले ना? पेढे वाटायला पाहिजेत.

सासऱ्यांचे वडील तेव्हा आठ वर्षांचे होते. घरी जर्मन बोलतच वाढलेले. कायदा गेला, शाळेत परत जर्मन शिकायची मोकळीक झाली, पण घरात ठरून गेलं होतं की पोरांना त्रास नको, आता इंग्रजीच. त्यांनी आपल्या मुलांना, म्हणजे सासऱ्यांना, एक शब्द शिकवला नाही. सासऱ्यांना जर्मनमधलं दोनच गोष्टी येतात, जेवणाआधीची एक प्रार्थना, तीही अर्थ माहीत नसताना, जसे आपण लहानपणी जेवणाआधीचा श्लोक धडाधडा म्हणायचो, आणि एक शिवी, जी बैलाला द्यायची असायची. शिवीचा अर्थ पक्का माहितीय.

मी हे रात्री दादाला लांबलचक व्हॉइस नोटमध्ये सांगितलं. त्याचं उत्तर आलं, “बरोबर हाय, पण ते लोक बाहेरून आलेले. आम्ही आमच्याच घरात हाय.” आणि हे त्याचं खरं आहे, इथे माझी तुलना लंगडी पडते हे मी कबूल करते. महाराष्ट्रात मराठी पाहुणी नाही. त्याच्या राज्यात पहिलीतल्या पोरावर तिसरी भाषा लादू नका हे म्हणायला त्याला कुणाची परवानगी नको, माझी तर नकोच.

पण घरातले मूळ लोक म्हणशील तर हॅम्प्टनहून थोडं वर उत्तरेला जिनोआ नावाचं गाव आहे. ती जागा आधी पॉनी लोकांची. त्यांना १८७० च्या दशकात उचलून ओक्लाहोमाकडे पाठवलं आणि त्याच जागी १८८४ ला मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी सरकारी निवासी शाळा काढली, ती १९३४ पर्यंत चालली. मुलं दूरदूरहून आणायचे, केस कापायचे, आणि आपली भाषा बोलताना सापडला की शिक्षा. म्हणजे जर्मन शेतकऱ्यांवर जो वरवंटा १९१९ ला फिरला तो तिथल्या तिथे आधीपासून फिरतच होता, आणि तेव्हा आमच्या खापरपणजोबांना त्याची काही खंत वाटल्याचं घरात कुणाला आठवत नाही. त्यांना जमीन मिळाली होती.

ह्यामुळेच त्या आठवड्यात मीरा रोडच्या दुकानदाराला मराठी बोलत नाही म्हणून थोबाडीत मारतानाचा व्हिडिओ आला, तेव्हा ग्रुपवर टाळ्या पडल्या आणि मला टाळी देता आली नाही. जीआरला विरोध करणारे आम्ही आणि थोबाडीत मारणारेही आम्हीच, हे कसं चालेल? तो दुकानदार उद्या मराठी बोलेल, गिऱ्हाईकाशी चार वाक्यं, घाबरून. त्याच्या पोराला ती भाषा आवडेल का? आयोवातल्या लोकांनी फर्मानाच्या भीतीने इंग्रजी धरली आणि ती टिकली हे खरं, पण इंग्रजीमागे नोकरी होती, बँक होती, बाजार होता, मराठीमागे आपण काय उभं केलंय? २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे, ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, आणि माझ्या मावसबहिणीची पोरं पुण्यात बसून एकमेकांशी इंग्रजीत भांडतात. तिला कुणी विचारत नाही, ती पुण्यात आहे ना. मी डेन्व्हरला आहे म्हणून मला विचारतात. बरं विचारतात ते ठीकच, माझ्याकडे उत्तर नाही.

५ जुलैला वरळीत दोघे ठाकरे बंधू एका स्टेजवर आले त्या दिवशी आम्ही लिंकनला सासऱ्यांच्या अंगणात होतो. मी फोनवर त्याचा व्हिडिओ बघत होते, सासऱ्यांनी विचारलं एवढी गर्दी कशाची, मी म्हटलं आमच्या सरकारने शाळेतल्या भाषेचा हुकूम मागे घेतला त्याचा जल्लोष. ते म्हणाले आमच्या मास्तरांसाठी असा जल्लोष झाल्याचं बापाने कधी सांगितलं नाही. मग थोडं थांबून म्हणाले, ते ‘सिट’ला तुमच्यात काय म्हणतात? आणि ढवळ्याकडे बोट करून ‘बस’ म्हणाले. ढवळ्या बसला. म्हातारा इतका खूश झाला की त्याने त्याला सॉसेजचा तुकडा दिला आणि मग दिवसभर ढवळ्या त्यांच्यासमोर न सांगता बसत राहिला.

लेकीचं काय केलं विचाराल तर सॉकर चालूच आहे. डिसेंबरला सांगलीला जायचं ठरलंय सहा आठवडे, दादाची अट आहे की भाचीशी घरात कुणी इंग्रजी बोलणार नाही, ती आत्ताच कुरकुर करतेय. कुत्र्यांना नेणं शक्य नाही, ते इथेच कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये राहणार, आणि तिथे कुणी ‘सिट’ म्हटलं की पवळ्या नुसता तोंडाकडे बघत राहतो, मागच्या वेळी त्यांना वाटलं ह्याला ऐकू येत नाही. म्हणून यावेळी लेकीने कागद तयार केलाय, बस, थांब, इकडे ये, सोड, गप, समोर इंग्रजी अर्थ, आणि पवळ्याच्या नावापुढे कंसात लिहिलंय की हा ळ नीट म्हणायचा प्रयत्न करा, नाही जमलं तरी तो येतो.