चार बोटे उजवीकडे

आमच्या घरात वायफाय सगळीकडे येते, असे मी पाहुण्यांना सांगतो आणि ते खोटे नाही; काही खोल्यांमध्ये ते येऊन लगेच परत जाते, एवढेच. माझ्या कामाच्या खोलीत तर खिडकीकडे पाठ करून, खुर्ची चार बोटे उजवीकडे सरकवून आणि लॅपटॉप किंचित तिरका धरून बसलो, तरच त्याचे दर्शन होते. हा माझ्या मनाचा खेळ आहे, असे घरच्यांचे मत. वास्तविक वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटीमीटर असते, आणि भिंतींवर आपटून आलेल्या लहरी एका जागी एकमेकींना बळ देतात, तर वीतभराच्या आतच एकमेकींना पुसून टाकतात. तरीही, विज्ञान आपल्या बाजूने असले म्हणून मीटिंगमध्ये वाकडा बसलेला माणूस सरळ दिसत नाही.

मोबाइलवर सिग्नल मोजणारे ॲप घेतले, तर राउटरपाशी उणे ४० आणि माझ्या टेबलाशी उणे ८० असे डेसिबलमधले आकडे आले. "ऐंशी म्हणजे जास्तच की," आई समाधानाने म्हणाली. दर १० डेसिबलला शक्ती दहाव्या हिश्श्यावर येते, म्हणजे माझ्या वाट्याला राउटरजवळच्या शक्तीचा दहा हजारावा भाग उरतो, हे मी तिला समजावून सांगितले. "मग इतके मोजत कशाला बसतोस?" असे विचारून ती निघून गेली.

मग मी राउटरच्या दोन्ही अँटेना नेम धरल्यासारख्या माझ्या खोलीकडे रोखल्या आणि सिग्नल आणखी घसरला. अशा दांडीसारख्या अँटेनाच्या लहरी तिच्या कडेने चहूबाजूंना पसरतात; टोकाच्या दिशेने जवळजवळ काहीच जात नाही. राउटर ५ गिगाहर्ट्झवर नेऊन पाहिला, पण तो पट्टा वेगवान असला तरी भिंतींपुढे लवकर हात टेकतो, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपला तो मुळात दिसतच नाही. पुढे राउटरचा सिग्नल ऐकून तो पुन्हा पुढे पाठवणारा रिपीटर आणून थेट माझ्या टेबलावर ठेवला. मोबाइलवर सगळ्या रेघा भरल्या, आणि पान मात्र उघडेना. मोबाइलमधल्या रेघा फक्त मोबाइल आणि रिपीटर यांचे कसे जमते तेवढेच सांगतात. रिपीटरला राउटरचे किती ऐकू येते, ते सांगत नाहीत. कानाने अधू दुभाष्या मी खणखणीत आवाजाचा आहे म्हणून नेमला होता! (त्याला निम्म्या वाटेवर बसवायला हवे होते, हे पेटीतल्या पत्रकावर लिहिलेले होते. पत्रक मी सर्वांत शेवटी वाचतो.)

अखेर बायकोने विचारले, "राउटर त्या लोखंडी कपाटाच्या मागे कोणी ठेवला?" राउटर दिसायला बरा दिसत नाही म्हणून मीच ठेवला होता. धातूचा पत्रा या लहरी परतवून लावतो, हे मला तोंडपाठ होते. फक्त कपाट पत्र्याचे असते, हे ऐन वेळी सुचले नव्हते. लांब केबल ओढून राउटर घराच्या मध्यावर, मधल्या बोळातल्या उंच फळीवर बसवला आणि अँटेना उभ्या केल्या. टेबलाशी आता उणे ५८ येतात. आईच्या हिशेबाने आमचे नुकसानच झाले.

एक अडचण तेवढी राहिली. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि त्यातून निसटणारी किंचितशी ऊर्जा माझ्या लॅपटॉपला पुरेशी होते. तो चालू झाला की पडद्यावर साहेब उघड्या तोंडानिशी गोठतात. आई बिचारी आता बटण दाबण्यापूर्वी दारातून डोकावून, "साहेब बोलताहेत का रे?" असे विचारते. साहेबांनी माझ्या रखडलेल्या कामाचा विषय काढला असेल, तर मी माइक बंद करून तिला सांगतो, "हो, बोलताहेत. गरम कर तू."