फुटपाथने रस्ता खाल्ला म्हणे!

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा सकाळी शुभ प्रभातच्या गुलाबांमध्ये एक लांबलचक मजकूर येऊन पडला. दुपारपर्यंत तोच शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर आला आणि संध्याकाळी भावकीच्या ग्रुपवरही. थोडक्यात सांगायचं तर असा: पिंपरी-चिंचवडमध्ये फुटपाथ आणि सायकल ट्रॅकच्या नावाखाली रस्ते निम्मे केले, म्हणून कोंडी होते. सायकल आता कोणी चालवत नाही. रस्त्याचा कर भरतो गाडीवाला. पायी चालणारे मरतात ते स्वतःच्या बेशिस्तीने. त्यांच्यासाठी पादचारी पूल बांधा आणि रस्ते गाड्यांना मोकळे करा. सहमत असाल तर पुढे पाठवा.

मी सहमत नाही. आणि मी गाडी चालवते, हेही आधीच सांगून टाकते. नाहीतर पहिलं उत्तर ‘तुम्हाला काय कळणार’ हेच येतं.

कोंडीपासून सुरुवात करू. जुना मुंबई-पुणे महामार्ग निगडीपासून दापोडीपर्यंत साठेक मीटर रुंद आहे. ग्रेड सेपरेटर म्हणजे चौकाखालून न थांबता जाणारा रस्ता, सर्व्हिस रोड, बीआरटीची म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका, सगळं त्यात बसवलंय. एवढ्या रुंद रस्त्यावरून सुसाट आलेली गाडी कित्येक वर्षं दापोडीच्या हॅरिस पुलाशी येऊन थांबायची, कारण पुलावर आणि पलीकडे बोपोडी-खडकीत जागाच नव्हती. मागचा रस्ता शंभर मीटर केला असता तरी रांग तेवढीच राहिली असती, फक्त जास्त फुगली असती. मागे रुंदी किती आहे याच्याशी कोंडीचा फारसा संबंध नसतो. पुढचा सिग्नल, पूल किंवा वळण एका मिनिटात किती गाड्या सोडतं, त्यावर ती ठरते. शेजारी समांतर पूल झाले तेव्हा तिथला ताण हलका झाला. त्यासाठी कुठला फुटपाथ काढावा लागला नाही.

रस्ता अरुंद कशाने होतो ते बघायचं असेल तर कुठल्याही संध्याकाळी पिंपळे सौदागर किंवा वाकडच्या आतल्या रस्त्यावर उभं राहा. दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या असतात. एका चारचाकीची रुंदी दारं-आरशांसकट दोन मीटर धरा, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून चार मीटर गेले. पुढे औषधाच्या दुकानासमोर ‘दोनच मिनिटं’ म्हणून तिरकी लावलेली एक. या चार मीटरांना कोणी ‘रस्ता खाल्ला’ म्हणत नाही. ते म्हणे पार्किंग! फुटपाथने दीड मीटर घेतला की मात्र तो लगेच डोळ्यांत येतो.

एक गोष्ट त्या मजकुरात असती तर मीही मान डोलावली असती. काही फुटपाथ खरोखर वाईट बांधलेत. मधोमध विजेची डीपी पेटी, बसथांब्याशी बस टेकायला जागा नाही, पावसात निसरड्या होणाऱ्या फरश्या, आणि दर वीस पावलांवर बंगल्याच्या गेटसाठी तोडलेला उतार. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये निवासी भागातही फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, आणि रस्त्यापासून उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको, असं आहे. आपल्याकडे काही ठिकाणी फुटपाथवर चढायला गुडघा हातात धरावा लागतो. अशी उंची असली की म्हातारी माणसं खालूनच चालतात, आणि मग आपणच म्हणतो, ‘बघा, फुटपाथ आहे तरी रस्त्यावरून चालतात!’ तक्रार करायची तर बांधकामाच्या दर्जाबद्दल करू. मी सही करते. फेरीवाल्यांचा मुद्दाही यातच येतो. त्यांच्यासाठी २०१४चा पथविक्रेता कायदा आहे, शहर फेरीवाला समितीने जागा ठरवून द्यायच्या आहेत. त्या ठरल्या नाहीत तर हातगाडी जिथे गिऱ्हाईक तिथेच लागणार.

आता सायकल. ‘कोणी चालवत नाही’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. हे शहर कशावर उभं राहिलं? हिंदुस्थान अँटिबायोटिक्स (एचए), टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स, बजाज. पाळी सुटल्यावर गेटमधून सायकलींचा लोंढा कसा बाहेर पडायचा, ते इथल्या कुठल्याही साठीच्या माणसाला विचारा. लोंढा ओसरला हे खरं, पण सायकल संपली नाही. सकाळी सहा-साडेसहाला भोसरी एमआयडीसीकडे जाणारा हेल्पर, रात्रपाळी करून परतणारा वॉचमन, चार सोसायट्यांची धुणीभांडी करणारी बाई, पेपर टाकणारी पोरं. मजकूर लिहिणारा दहा वाजता गाडी काढतो, तोवर ही सगळी कामाला लागलेली असतात. २०११च्या जनगणनेत, शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणाऱ्यांमध्ये देशभरात सुमारे २३ टक्के लोक पायी आणि १३ टक्के सायकलने जात होते. मोटारीने जाणारे ३ टक्क्यांपेक्षाही कमी. आकडे जुने आहेत, दुचाकी त्यानंतर भरमसाट वाढल्या. पण तेरा टक्के लोक हवेत विरून गेले असं मानायला मी तयार नाही.

‘मग ट्रॅक रिकामे का?’ कारण ते कुठेच पोहोचत नाहीत. दोनशे मीटर छान लाल पट्टा, मग एक झाड, मग लावलेला टेम्पो, मग चौक, आणि नेमका चौकातच ट्रॅक गायब. धोका जिथे सर्वांत जास्त, तिथे सायकलवाल्याला वाऱ्यावर सोडायचं आणि सरळ सुरक्षित तुकड्यावर रंग मारायचा. पुण्यात २००६ साली बीआरटी सुरू झाली आणि तिच्या कडेने सायकल ट्रॅक आले, तेव्हापासून हे चालू आहे. स्पेनमधल्या सेव्हिया शहराने उलट केलं. २००६ ते २०१० या काळात सुमारे १२० किलोमीटरचं एकमेकांना जोडलेलं जाळं एकदमच टाकलं. तोपर्यंत तिथेही सायकल जवळपास दिसत नव्हती. काही वर्षांत ती कितीतरी पटींनी वाढली. तेव्हा तुकडे रिकामे दिसतात म्हणून तुकडे उखडायचे, की ते जोडायचे?

कराचा मुद्दा चटकन उरकते. वाहन घेताना भरलेला मोटार वाहन कर राज्याच्या तिजोरीत जातो. आपल्या गल्लीतला रस्ता महापालिका करते, आणि तिचा पैसा येतो मालमत्ता करातून आणि जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यानंतर मिळणाऱ्या जीएसटीच्या भरपाईतून. म्हणजे भाड्याच्या खोलीत राहून साबणाची वडी विकत घेणारी, कामावर पायी जाणारी बाईसुद्धा या रस्त्याचे पैसे भरते. वापरते मात्र त्यातली हातभर जागा.

बेशिस्त. हो, माणसं कुठूनही रस्ता ओलांडतात, मोबाईल बघत ओलांडतात, मीही ओलांडलाय. पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२च्या अहवालात देशभरातले रस्त्यावरचे मृत्यू १,६८,४९१ आहेत. त्यातले ३२,८२५ पादचारी, म्हणजे दिवसाला नव्वदच्या आसपास. त्याच अहवालात एकूण मृत्यूंपैकी ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यावर आहेत. वेगाचा हिशेब घरीही करता येतो. ताशी ५० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पळते. माणूस दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, म्हणजे १४ मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी तेवढेच लागतात, एकूण २८. ताशी ३० ला हीच गाडी १३-१४ मीटरमध्ये उभी राहते. म्हणजे तीसवाली गाडी जिथे थांबलेली असते, तिथे पन्नासवाल्याने अजून ब्रेकही धड दाबलेला नसतो. बेशिस्त पोरगं दोघांच्याही समोर सारखंच आलं. एकासमोरचं घरी गेलं. रस्ता सुरक्षेच्या २०२०च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे ताशी ३० ची मर्यादा सुचवली आहे ती यासाठीच. आणि झेब्रावर पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे वाहन चालवण्याच्या २०१७च्या नियमावलीत लिहिलेलं आहे. आपल्याकडे कोणी झेब्र्यापाशी थांबला तर मागचा हॉर्न वाजवतो.

राहता राहिला पादचारी पूल. खालून ट्रक जायचे तर साडेपाच मीटर उंची मोकळी सोडावी लागते. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरली तरी चाळीसेक पायऱ्या चढायच्या, तेवढ्याच उतरायच्या. मधे दुभाजकाला फट दिसत असताना भाजीची पिशवी घेतलेला माणूस त्या चढणार नाही, गुडघेदुखीवाला चढू शकणार नाही, व्हीलचेअरचं तर नावच नको. लिफ्ट असेल तर ती चालू हवी. गाडीला ब्रेकवर पाय ठेवायचा त्रास नको, म्हणून माणसाने दोन मजले चढायचे!

यापेक्षा स्वस्त गोष्ट सिग्नलच्या डब्यात आहे. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरायचा असा प्रघात आहे. चोवीस मीटर रस्त्याला त्या हिशेबाने वीस सेकंद लागतात, आणि म्हाताऱ्या माणसाला तीस. आमच्या घराजवळच्या चौकात हिरवा माणूस किती वेळ राहतो ते मी मोबाईलवर लावून मोजलं, तीनदा. बारा सेकंद. माझी सासू रोज सकाळी दुधाला जाते तेव्हा पहिल्या हिरव्याला दुभाजकापर्यंत पोहोचते, तिथे हातभर रुंदीच्या कठड्यावर विजेच्या खांबाला धरून उभी राहते, आणि पुढच्या हिरव्याला पलीकडे जाते. येताना पुन्हा तसंच, हातात दुधाची पिशवी.