‘खून बटलरने केला’ आणि मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट: एका प्रचलित दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकन कादंबरीकार आणि नाटककार मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट (१८७६–१९५८) यांच्याविषयी एक मजकूर दीर्घकाळ हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा की, ‘खून बटलरने (म्हणजे घरातल्या मुख्य नोकराने) केला’ हे जगप्रसिद्ध वाक्य त्यांनी ‘द डोअर’ या १९३० सालच्या कादंबरीत लिहिले. नोकराला खुनी ठरवण्याची कल्पनाही त्यांचीच. त्या ‘अमेरिकेच्या ॲगाथा ख्रिस्ती’ होत्या. आणि रहस्यकथांपलीकडे त्यांनी सांगण्यासारखे काही लिहिले नाही. यातले एकही विधान तपासणीत टिकत नाही. तरीही ते खोडून काढणे मला अगत्याचे वाटते, कारण या चार ओळी वाचल्यावर राइनहार्ट कळल्या असे वाचकाला वाटते आणि त्यांचे पुस्तक हाती घेण्याची इच्छाच उरत नाही.

पहिले विधान सर्वांत सहज पडताळता येते. ‘द डोअर’मध्ये खुनी बटलरच निघतो, एवढे खरे आहे, पण ज्या वाक्यासाठी ही कादंबरी ओळखली जाते ते वाक्य त्या कादंबरीत कुठेही नाही. राइनहार्ट यांचे दोन मुलगे स्टॅनली आणि फ्रेडरिक यांनी जॉन फॅरार यांच्यासह १९२९ मध्ये ‘फॅरार अँड राइनहार्ट’ ही प्रकाशनसंस्था काढली होती आणि ही कादंबरी त्या नव्या संस्थेने प्रसिद्ध केली. तिच्याबद्दल खात्रीने सांगण्याजोगे हे आहे, आणि ते फिरत्या मजकुरात नसते. उलट रहस्यकथेत ज्या गोष्टीबद्दल मौन पाळायचे, ती खुन्याची ओळख मात्र त्यात पहिल्याच ओळीत उघड केलेली असते. लेखिकेवर हा अन्यायच आहे.

नोकर खुनी असण्याची कल्पना त्यांची होती, हे दुसरे विधान. ‘द डोअर’च्या दोन वर्षे आधी, १९२८ मध्ये, अमेरिकन रहस्यकथाकार एस. एस. व्हॅन डाइन यांनी गुप्तहेरकथा लिहिणाऱ्यांसाठी वीस नियम प्रसिद्ध केले. नोकराला गुन्हेगार करू नये, कारण ते उत्तर फार सोपे ठरते, असे त्यांतला अकरावा नियम बजावतो. एखाद्या युक्तीवर बंदी घालावीशी वाटते, याचाच अर्थ ती तोवर वापरून गुळगुळीत झालेली असते. प्रत्यक्ष उदाहरणही आहे: इंग्लंडमधील हर्बर्ट जेंकिन्स यांच्या ‘माल्कम सेज, डिटेक्टिव्ह’ या १९२१ सालच्या संग्रहातल्या एका कथेत खुनी बटलरच आहे. ‘कल्पना त्यांची नसेल, पण ती रुळवली त्यांनीच’ असा बचाव यावर केला जातो. राइनहार्ट यांचा वाचकवर्ग फार मोठा होता आणि त्यामुळे ‘द डोअर’ने या ठोकळेबाज कल्पनेला बळ दिले असेल, हे मी मान्य करतो, मात्र बळ देणे आणि जन्म देणे यांत अंतर आहे. शिवाय त्यांना पहिले मोठे यश देणाऱ्या ‘द सर्क्युलर स्टेअरकेस’ (१९०८) या कादंबरीतला बटलर थॉमस खुनी नसून कथा संपण्याच्या बऱ्याच आधी स्वतःच मरण पावतो. एका कादंबरीतला शेवट साऱ्या लेखनाची ओळख म्हणून चिकटवण्याला काही आधार नाही.

‘अमेरिकेच्या ॲगाथा ख्रिस्ती’ हे बिरुद गौरवाच्या भावनेने दिले जाते, म्हणून त्याचा प्रतिवाद अधिक काळजीने करायला हवा. आधी कालक्रम पाहू. ख्रिस्ती राइनहार्ट यांच्याहून १४ वर्षांनी लहान होत्या आणि त्यांची पहिली कादंबरी ऑक्टोबर १९२० मध्ये न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाली. त्याच शहरात त्याच वर्षी, २३ ऑगस्टला, राइनहार्ट यांनी नाटककार एव्हरी हॉपवुड यांच्यासह लिहिलेले ‘द बॅट’ हे नाटक रंगभूमीवर आले होते आणि पुढे त्याचे ब्रॉडवेवर ८६७ प्रयोग झाले. त्या नाटकाचा मूळ आधार ‘द सर्क्युलर स्टेअरकेस’ हाच होता, म्हणजे ती कादंबरी ख्रिस्ती यांच्या पहिल्या पुस्तकाच्या १२ वर्षे आधीची. (या नाटकावरून निघालेल्या ‘द बॅट व्हिस्पर्स’ या १९३० च्या चित्रपटाचे ऋण ‘बॅटमॅन’चे निर्माते बॉब केन यांनी मान्य केले आहे.) आधी आलेल्या लेखिकेला नंतर आलेल्या लेखिकेची स्थानिक आवृत्ती म्हणणे कालक्रमाला धरून नाही.

कालक्रमापेक्षाही लेखनपद्धतीतला फरक महत्त्वाचा आहे. ख्रिस्ती यांच्या नामांकित कथांमध्ये चतुर शोधक प्रकरणाबाहेर उभा राहून कोडे सोडवतो, आणि वाचकाचे लक्ष पुराव्यांच्या मांडणीवर असते. राइनहार्ट यांच्या कथेत निवेदिका स्वतःच संकटात सापडलेली असते. ‘द सर्क्युलर स्टेअरकेस’मधली रेचेल इनेस ही मध्यमवयीन अविवाहित स्त्री भाचा-भाचीसह उन्हाळ्यासाठी गावाबाहेरचे मोठे घर भाड्याने घेते, रात्री-अपरात्री तिथे आवाज ऐकू येऊ लागतात, खून होतो, आणि घर सोडून जाण्याचा सल्ला मिळूनही ती हट्टाने तिथेच राहते. तिची दासी लिडी हिच्याशी होणारी तिची कुरबुर खरोखर हसवते आणि त्या हसण्याच्या पाठोपाठ भीती येते. भय आणि विनोद एकाच वाक्यात नांदवण्याचे हे कसब मला त्यांच्या लेखनातले सर्वांत मोलाचे वाटते. १९०८ साली अशा स्त्रीला कथेच्या मध्यभागी ठेवणे, तिला घर, पैसा आणि निर्णय यांची मालकीण करणे, हेही धाडसाचे होते.

चौथ्या विधानाला तर त्यांचे चरित्रच उत्तर देते. पिट्सबर्गच्या रुग्णालयात त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले, १८९६ मध्ये डॉ. स्टॅनली राइनहार्ट यांच्याशी विवाह केला आणि १९०३ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत कुटुंबाची बचत बुडाल्यावर संसाराला हातभार म्हणून लेखणी उचलली. रुग्णालयातला तो अनुभव पुढे ‘के’ या १९१५ च्या कादंबरीत आणि पोलिसांसाठी काम करणाऱ्या हिल्डा ॲडम्स या परिचारिकेच्या कथांमध्ये उतरला. ‘टिश’ या पात्राच्या विनोदी कथा आणि हॉपवुड यांच्यासह लिहिलेले ‘सेव्हन डेज’ (१९०९) हे यशस्वी प्रहसन यांचा भर रहस्यावर नसून विनोदावर आहे. १९१५ च्या आरंभी, तीन मुलांची आई असताना, त्या ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकासाठी पहिल्या महायुद्धातल्या बेल्जियमच्या आघाडीवर गेल्या, खंदकांपर्यंत पोहोचल्या आणि राजे आल्बर्ट यांची मुलाखत घेऊन परतल्या, ते वार्तांकन ‘किंग्ज, क्वीन्स अँड पॉन्स’ या नावाने पुस्तकरूपात आले. स्तनांच्या कर्करोगाचा उच्चारही चारचौघांत होत नसे अशा काळात, १९४७ मध्ये, त्यांनी ‘लेडीज होम जर्नल’मधून आपल्या आजाराविषयी उघडपणे सांगितले आणि स्त्रियांना तपासणी करून घेण्याचा आग्रह केला. इतके सारे वगळून ज्यांना त्यांची ओळख करून द्यायची असेल, त्यांनी ते का वगळले हे सांगायला हवे.

राइनहार्ट यांच्यावर खरी टीका करायची असेल तर तिला जागा आहे. ‘तेव्हाच मला हे कळले असते तर’ अशा अर्थाच्या पुढची चाहूल देणाऱ्या वाक्यांचा त्यांनी सढळ वापर केला, त्यांच्या अनुकरणातून तशा कादंबऱ्यांचा एक संप्रदायच तयार झाला आणि अमेरिकन विनोदी कवी ऑग्डेन नॅश यांनी १९४० मध्ये एका कवितेत त्याची टिंगल केली. नियतकालिकांतून क्रमशः छापल्या जाणाऱ्या कादंबरीला दर हप्त्याच्या शेवटी वाचकाला धरून ठेवावे लागते, ही त्या सवयीमागची गरज होती. पण सलग पुस्तक वाचताना ती वाक्ये खटकतात हे नाकारता येत नाही. हा दोष त्यांच्या पानांवर दिसतो, बटलरचे ते वाक्य दिसत नाही.