अलार्म बसवू का, मामा?

भाच्याने दसऱ्याला टीव्हीएसची रेडर मोटरसायकल घेतली. गाडीवरचा झेंडूचा हार वाळायच्या आत त्याचा फोन, 'मामा, अलार्म बसवू का? नाना पेठेत पंधराशेत बसवून देतात म्हणे.' नाना पेठ म्हणजे आमच्या पुण्यातला गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. मी 'बघू' म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर द्यायचं तर माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागली असती. ती आता इथेच सांगतो, तो वाचेलच.

आधी पहिली गाडी. २००५ची स्प्लेंडर. स्प्लेंडरवाल्यांना वेगळं सांगायला नको, दहा वर्षं वापरलेल्या गाडीचं इग्निशन लॉक एवढं झिजतं की किल्ली हवीच असं नाही, किल्लीसारखं काहीतरी पुरतं. एकदा मंडईबाहेरून मी स्वतःच दुसऱ्याची स्प्लेंडर चालू करून बाजीराव रोडपर्यंत आणली होती. टाकीवर गजाननाचा स्टिकर दिसला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, आमच्या टाकीवर स्टिकर नाही. परत गेलो तर तिचा मालक, एका हातात कोथिंबिरीची जुडी, दुसऱ्या हाताने माझ्या गाडीला स्वतःची किल्ली लावून बघतोय. लागलीही होती. दोघंही हसलो, गाड्या बदलल्या आणि आपापल्या घरी गेलो.

त्या दिवशी शहाणं व्हायला हवं होतं. नाही झालो. २०१६च्या पावसाळ्यात एका सकाळी बिल्डिंगखाली गाडीच्या जागी फक्त ऑइलचा डाग.

एकोणीस दिवसांनी गाडी सापडली. बॅटरी गायब, आरसे गायब, टाकी कोरडी ठणठणीत. हवालदार म्हणाले, 'पोरं असतात साहेब, पेट्रोल संपलं की सोडून देतात.' पण सापडली म्हणजे मिळाली असं नसतं. कोर्टाकडून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करतो असं लिहून देऊन, गाडी सोडवून घ्यायची. त्या फेऱ्यांमध्ये चौकीमागचं आवार बघितलं. शेकडो गाड्या एकमेकींना टेकून उभ्या, सीटमधून गवत उगवलेलं, एका एम-एटीच्या चाकातून तर एरंडाचं झाड वर आलेलं. त्यातल्या प्रत्येक गाडीला कधीतरी कुणीतरी हार घातला असणार.

इन्शुरन्स? थर्ड पार्टी. म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्यापुरता, चोरीला शून्य. हे भाच्याने नीट वाचावं, कारण नव्या गाडीवाल्यांचा इथेच घोळ होतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. कागदावर 'पाच वर्षं' दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. त्यातलं स्वतःच्या गाडीचं कव्हर, ज्याला ओडी म्हणतात, ते बहुतेक पॉलिसींत पहिल्या एकाच वर्षाचं असतं. दुसऱ्या वर्षी ते आपण होऊन वाढवलं नाही तर गाडी चोरीला गेल्यावर हातात उरते ती फक्त एफआयआरची प्रत. आणि वाढवलं तरी मिळते ती आयडीव्ही, म्हणजे गाडीची घटत जाणारी किंमत, जी पाचव्या वर्षापर्यंत साधारण निम्म्यावर येते. क्लेमच्या वेळी दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. दुसरी किल्ली कुठे आहे, हा प्रश्न आज रात्री घरात विचारून बघा. आमच्याकडे तो विचारल्यावर दोन ड्रॉवर उपसले, जुन्या मोबाइलचे तीन चार्जर सापडले, किल्ली नाही.

असो. २०१८ला युनिकॉर्न घेतली आणि दुधाने पोळल्यामुळे ताक फुंकायला थेट नाना पेठ गाठली.

दुकानदाराने डब्यातून भोंगा काढला, काळा, मुठीएवढा. खोक्यावर १२५ डेसिबल. 'साहेब, हात लावला तरी बोंबलेल.' पोऱ्याने सीट काढली, साइड पॅनल काढलं, आणि चार दिवसांपूर्वी शोरूममधून आलेल्या गाडीचं वायरिंग ब्लेडने सोलायला घेतलं. इंडिकेटरची वायर कापली, इग्निशनची कापली, पीळ दिला, वर काळी टेप. सोल्डर नाही, कपलर नाही. माझ्या पोटात गोळा आला, पण रिमोट दाबल्यावर गाडीने 'टुक टुक' करून डोळे मिचकावले आणि मी सगळं विसरलो. खोटं कशाला बोलू, त्या 'टुक टुक'चेच निम्मे पैसे असतात. चारचाकीवाल्यांसारखं मागे न बघता रिमोट दाबत चालत जायचं. पहिल्या सर्व्हिसिंगला सेंटरवाल्याने टेप बघितली आणि शांतपणे सांगितलं, 'वायरिंगची वॉरंटी आता विसरा.'

पुढचे तीन महिने मी बिल्डिंगचा गुन्हेगार होतो.

आतला प्रकार साधा आहे. त्या डबीत एक हादरा ओळखणारा सेन्सर असतो. हादरा कोणी दिला ते त्याला कळत नाही. चोर, मांजर, शेजारून ढकललेली अ‍ॅक्टिव्हा, कचऱ्याची गाडी, सगळे त्याच्या लेखी सारखेच. सायलेन्सर बदललेली एखादी बुलेट गल्लीतून गेली की माझी युनिकॉर्न तिला ओ द्यायची. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री तर ती आणि सुतळी बॉम्ब अशी जुगलबंदीच झाली. गणपतीत ढोल-ताशाच्या सरावाला अर्धा किलोमीटरवरून साथ. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ग्रुपवर लिहिलं, 'ज्यांची गाडी रात्री पावणेतीनला आरती करते त्यांनी कृपया लक्ष द्यावे.' खाली सोळा अंगठे. मी सेन्सर कमी करून आणला. मग गाडी हलवली तरी वाजेना. पुन्हा वाढवला, पुन्हा मांजर.

बॅटरीचंही सांगतो, कारण हे दुकानात कोणी सांगत नाही. अलार्म चोवीस तास जागा असतो, म्हणजे चोवीस तास थोडा थोडा करंट पितो. समजा वीस मिलिअँपिअर. दिवसाला झाले जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर. आपल्या रोजच्या वापराच्या गाड्यांची बॅटरी असते तीन ते पाच अँपिअर-अवरची. रोज फिरणारी गाडी ते भरून काढते. पण गावाला आठ-दहा दिवस गेलात तर आल्यावर सेल्फ नुसता कण्हतो. माझ्या गाडीला किक होती म्हणून वाचलो. नव्या बऱ्याच गाड्यांना किकच नसते.

रिमोटने गाडी चालू करायची सोय असलेले अलार्मही मिळतात. त्याच्या वाटेला जाऊ नका. मित्राने हौसेने बसवला. उतारावर गाडी गिअरमध्ये लावायची सवय. चहाच्या टपरीवर पोरांना दाखवायला बटण दाबलं, गाडी स्टँडवरून उडी मारून टपरीच्या बाकड्यात. नशीब, बाकड्यावर कोणी नव्हतं. मोटरसायकलला कुठला गिअर पडलाय ते त्या डबीला काय माहीत?

आता मुद्द्याची रात्र. २०१९, डिसेंबर, कडाक्याची थंडी. तीनच्या सुमारास अलार्म वाजला. गोधडीत अर्धवट जाग, बायको म्हणाली, 'बघ ना जरा.' मी म्हटलं मांजर. उशाशी रिमोट होताच. हात बाहेर काढला, बटण दाबलं, गप्प. दोन मिनिटांनी पुन्हा वाजला. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा वाजू नये म्हणून या वेळी अलार्म पूर्ण बंदच केला आणि कूस बदलली.

सकाळी गाडी जागेवर होती, पण तोंड फिरवून. हँडल लॉक मोडलेलं. साइड पॅनल खाली पडलेलं. पेट्रोलची नळी उपसून टाकी रिकामी केलेली. आणि पुढच्या चाकाच्या ब्रेकच्या डिस्कमध्ये अडीचशे रुपयांचं पिवळं डिस्क लॉक, म्हणजे चाक फिरूच न देणारं कुलूप, जसंच्या तसं. त्यावर स्क्रू ड्रायव्हरचे ओरखडे. तेवढ्यावर गाडी वाचली.

म्हणजे बघा, अलार्मने काम चोख केलं होतं. हादरा बसला, तो ओरडला. दोनदा ओरडला. चोर कदाचित दोन्ही वेळा मागे सरून अंधारात थांबलाही असेल. तिसऱ्या वेळी मीच पहिल्या मजल्यावरून, गोधडीतून, त्याची अडचण दूर केली. काकांनी नंतर विचारलं, 'ऐकलं होतं हो आम्हीही. म्हटलं तुमचं नेहमीचंच.'

म्हणून अलार्म चांगला की वाईट या वादात मला आता रस नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की अलार्म हे कुलूप नव्हे, ती हाक आहे, आणि ती हाक फक्त मालकासाठी असते. गल्ली त्या हाकेला येत नाही. पटत नसेल तर लक्ष्मी रोडला जाऊन उभे राहा. नो-पार्किंगमधल्या गाड्या उचलून नेणारा टेम्पो जातो, त्यात एखादी गाडी ठणाणा बोंबलत असते. चौक ओलांडेपर्यंत आवाज येतो. लोक बघतात, हसतात, आपल्या गाडीची जागा तपासतात. कोणी म्हणतं का, थांबा, कुणाची गाडी नेताय? उद्या एखाद्या चोराने छोटा हत्ती आणून भरदिवसा बोंबलती गाडी चढवली तर पुणेकर त्याला फक्त एवढंच विचारतील की सोडवायला कुठे यायचं.

मग कुणी बसवावा? ज्याची गाडी खिडकीखाली असते, झोप सावध आहे, आणि वाजल्यावर जो खरंच उठून खाली बघेल, त्याने. दुकानाच्या दारात गाडी लावून गल्ल्यावर बसणाऱ्याने. रेल्वे स्टेशनवर सकाळी सातला गाडी लावून लोकलने जाणाऱ्याने बसवून काय उपयोग? तो लोणावळ्यात, गाडी शिवाजीनगरला रडतेय.

आणि ज्याला गाडी जाणं सर्वांत महागात पडतं, तो डिलिव्हरीवाला मुलगा, त्याला तर अलार्म कुचकामीच. दिवसात तीसेक वेळा गाडी थांबवायची, तिसरा मजला चढायचा, लिफ्ट बंद, वर ग्राहक फोनवर ओरडतोय. तो किल्ली गाडीलाच ठेवून धावतो. आमच्या गेटवर एकदा त्याला टोकलं, तर म्हणाला, 'काका, किल्ली काढून लॉक करायला वीस सेकंद. तीस वेळा करा गुणाकार.' केला. दहा मिनिटं. त्याच्या दिवसात दहा मिनिटं म्हणजे एक ऑर्डर. गाडी हप्त्यावर घेतलेली, आणि रोज तीस वेळा तो ती रस्त्यावर देवाच्या हवाली करतो. आमच्या वॉचमनला मी आता सांगून ठेवलंय, डिलिव्हरीवाला वर गेला की त्याच्या गाडीकडे बघत जा. तो बघतो. याला रिमोट लागत नाही.

पूर्वीच्या लोकांच्या युक्त्या बिनआवाजी होत्या. वडील रात्री पेट्रोलचा कॉक बंद करायचे. चोराने गाडी नेलीच तर कार्ब्युरेटरमधल्या उरल्यासुरल्या पेट्रोलवर जेमतेम थोडी पुढे जाणार आणि भर रस्त्यात मरणार. कधीकधी प्लगची टोपी काढून खिशात घालायचे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम आले, गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या आणि तो कॉक बहुतेक गाड्यांवरून गेलाच. प्रगती म्हणतात ती ही.

भाच्या, तर तुला सांगतो. आधी जाड डिस्क लॉक घे, पंधराशेतले सातशे तिथे घाल. उरलेल्यात साखळी, आणि ती नुसत्या चाकात नको, खांबाला किंवा ग्रिलला बांधून. गाडी रांगेच्या कडेला लावू नकोस, मध्ये लाव, पुढचं चाक भिंतीकडे. ओडी दरवर्षी भर. जीपीएस ट्रॅकर बसवायचा तर बसव, पण त्याच्या सिमचं रिचार्ज संपलं की तो नुसता ताईत, आणि तुमच्या बेसमेंटमध्ये माझा फोनही लागत नाही. एवढं सगळं करून हौस उरली तर अलार्म. पण नव्या गाडीचं वायरिंग कुणाला ब्लेडने सोलू देऊ नकोस.

हे एवढं लिहीपर्यंत त्याचाच फोन आला. माझ्या उत्तराची वाट न बघता त्याने मधला मार्ग काढला होता, वाजणारं डिस्क लॉक. वायर कापायची भानगडच नाही, हादरा बसला की कुलूपच ओरडतं. मी शाबासकी देणार तोच म्हणाला, काल कामावरून निघताना ते लावलेलं विसरून गाडी काढली आणि कंपनीच्या गेटजवळच आडवा झालो. गुडघा सोलला, रेडरचा क्लच लिव्हर वाकला.

'अरे, पण ते वाजलं नाही का?'

'वाजलं म्हणे. सिक्युरिटीवाला सांगत होता, चांगलं जोरात वाजत होतं. मी हेल्मेटमध्ये इअरफोन लावले होते.'