‘दोन वर्षांत ट्रकवरून अणुभट्टी’: चाकणसाठी फिरणाऱ्या दाव्याला उत्तर

पुणे परिसरातल्या उद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतो आहे. त्याचं सार असं: “छोटी अणुभट्टी आता कारखान्यात तयार होते आणि ट्रकवरून येते. दोन वर्षांत सुरू होते. वीज दोन रुपये युनिट. जागा एका मैदानाएवढी, पाणी जवळपास लागत नाही, धोका शून्य. पाणबुड्यांत साठ वर्षं हेच तंत्र चालतंय. चाकण-तळेगावला एक बसवा, विजेचा प्रश्न संपला.”

अणुऊर्जेला आमचा विरोध नाही. उलट, अशा मजकुरावर विसंबून कुणी पैसे गुंतवले आणि प्रकल्प फसला, तर चांगल्या प्रकल्पाचीही वाट पुढची वीस वर्षं बंद होते. म्हणून एकेक दावा घेऊ.

“कारखान्यात बनते, म्हणून स्वस्त.” सगळ्या मजकुराचा पाया हाच, म्हणून इथे जरा थांबू. प्रक्रिया उद्योगात एक जुना ठोकताळा आहे: क्षमता वाढते त्या प्रमाणात खर्च वाढत नाही, तो क्षमतेच्या ०.६ घातानुसार वाढतो. १,००० मेगावॅटच्या जागी ३०० मेगावॅटची भट्टी घेतली, तर क्षमता ३० टक्के उरते पण खर्च सुमारे ४९ टक्के. म्हणजे दर मेगावॅटला १.६ पट. ही तूट भरून काढायची ती एकसारख्या भट्ट्या पुन्हा पुन्हा बनवून. एकूण संख्या दुप्पट होईल तेव्हा खर्च १० टक्के उतरतो असं धरलं, तर बरोबरी साधायला सुमारे २४ भट्ट्या लागतात. उतार ५ टक्केच निघाला, तर जवळजवळ ६७०. मजकुरातला दर खरा धरला तरी तो या पंचविसाव्या भट्टीचा आहे. चाकणला मिळेल ती पहिली किंवा दुसरी.

पहिलीची किंमत काय असते, याचं ताजं उदाहरण कॅनडातल्या डार्लिंग्टनचं. तिथल्या ३०० मेगावॅटच्या चार बीडब्ल्यूआरएक्स-३०० भट्ट्यांपैकी पहिलीच्या बांधकामाला ओंटारिओ सरकारने मे २०२५ मध्ये मंजुरी दिली. पहिल्या भट्टीला ६.१ अब्ज कॅनेडियन डॉलर, चौघींच्या सामायिक कामांना १.६ अब्ज, आणि चारही मिळून २०.९ अब्ज. कॅनेडियन डॉलर ६० रुपयांचा धरला, तर चौघींची सरासरी मेगावॅटला १०० कोटींच्या वर जाते. तिथली मजुरी आणि हिशेबाची रीत वेगळी, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा भारताला लावू नये. तरी शेजारी हे ठेवून बघा: २०१७ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या ७०० मेगावॅटच्या दहा स्वदेशी भट्ट्यांचा अंदाज १.०५ लाख कोटी होता, म्हणजे मेगावॅटला १५ कोटी.

आणि कारखान्यात बनवलं की जागेवरची कटकट संपते, हेही खरं नाही. अमेरिकेत व्होग्टल आणि व्ही. सी. समर इथल्या मोठ्या भट्ट्यांचे मॉड्यूल, म्हणजे जोडायला तयार भाग, लुइझियानातल्या लेक चार्ल्सच्या कारखान्यात बनणार होते. दर्जा आणि कागदपत्रं यांच्यात त्रुटी निघाल्या, मॉड्यूल उशिरा आले आणि जागेवरचं काम खोळंबलं. व्ही. सी. समर २०१७ मध्ये अर्धवट सोडलं. अणुकामात वेल्डची नोंद हरवली, तर तो वेल्ड तपासता येत नाही. पुन्हा करावा लागतो. कारखान्याला सतत ऑर्डर असेल तरच कामगारांचा हात बसतो. दोन ऑर्डरींसाठी असा कारखाना कुणी उभारत नाही.

ट्रकबद्दल थोडक्यात. न्यूस्केल या अमेरिकी कंपनीच्या छोट्या भट्टीचं एक मॉड्यूल सुमारे ७०० टनांचं, तेही तीन तुकड्यांत न्यायचं. अशा ओडीसी (नेहमीच्या मापात न बसणाऱ्या अवजड मालाच्या) वाहतुकीसाठी बंदरापासून जागेपर्यंत प्रत्येक पूल, वळण आणि घाटाचा चढ तपासावा लागतो. कोकणातून पुण्याकडे येताना सह्याद्री चुकत नाही. अशक्य नाही, पण खर्चाच्या पत्रकात ही ओळ हवी.

“दोन वर्षांत सुरू.” आजवरची नोंद पाहा. रशियाची तरंगती अकादमिक लोमोनोसोव्ह, ३५ मेगावॅटच्या दोन भट्ट्या: काम २००७ ला सुरू, व्यावसायिक वीज मे २०२० मध्ये. चीनमधली शिदाओ खाडीची २१० मेगावॅटची एचटीआर-पीएम: काम डिसेंबर २०१२, ग्रिडला जोडणी डिसेंबर २०२१, व्यावसायिक चालन डिसेंबर २०२३. अर्जेंटिनाच्या ३२ मेगावॅटच्या कारेमचं बांधकाम २०१४ मध्ये सुरू झालं आणि ते अपुरंच आहे. चीनच्या लिंगलाँग वनची नियोजित मुदतच ५८ महिने होती. परवान्याचा काळ यात धरलेलाच नाही: न्यूस्केलचा अर्ज अमेरिकी नियामकाने २०१७ मध्ये स्वीकारला, ५० मेगावॅटच्या आराखड्याला प्रमाणपत्र मिळालं जानेवारी २०२३ मध्ये.

“वीज दोन रुपये युनिट.” हिशेब कुणालाही करता येतो. ३०० मेगावॅट, मेगावॅटला २० कोटी, पाच वर्षांचं बांधकाम आणि व्याज १० टक्के. ६,००० कोटींचे बांधकामकाळातल्या व्याजासह सुमारे ७,७०० कोटी होतात. ४० वर्षांत फेडायचे तर वर्षाला ७८५ कोटींच्या आसपास. ८५ टक्के भारांकाला (पूर्ण क्षमतेच्या ८५ टक्के वीज निघाली तर) वर्षाकाठी २२३ कोटी युनिट निघतात. म्हणजे फक्त भांडवलाचेच युनिटला साडेतीन रुपये. इंधन, माणसं, विमा, शेवटी भट्टी मोडण्याचा निधी वेगळा. मेगावॅटला ४० कोटी लागले तर सात रुपये. भारांक ६० टक्क्यांवर घसरला तर साडेतीनचे पाच. रविवारी आणि दिवाळीत निम्म्यावर येणाऱ्या कारखान्यांच्या मागणीवर एकटी भट्टी बांधली, तर हे घडणारच. एक गोष्ट छोट्या भट्टीच्या बाजूची, ती मान्य करायला हवी: बांधकाम आठऐवजी पाच वर्षांत झालं, तर व्याजामुळे एकूण खर्च सुमारे १५ टक्के वाचतो.

दर कसा वाढतो हे अमेरिकेतल्या आयडाहोच्या न्यूस्केल प्रकल्पात दिसलं. ४६२ मेगावॅटचा अंदाज ५.३ वरून ९.३ अब्ज डॉलरवर गेला. मेगावॅट-तासाचा दर, अनुदान धरूनही, ५८ वरून ८९ डॉलर झाला. पुरेसे ग्राहक जुळले नाहीत आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकल्प रद्द झाला. यंत्र बिघडल्यामुळे नव्हे. दर वाढल्यावर वीज घेण्याची सही करायला पुरेसे लोक पुढे आले नाहीत.

“पाणी लागत नाही.” हा दावा पुणे जिल्ह्यात करणं बेजबाबदारपणाचं आहे. ३०० मेगावॅट वीज काढताना साधारण ६०० मेगावॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. कूलिंग टॉवरमध्ये मेगावॅट-तासाला सव्वादोन ते अडीच हजार लिटर पाण्याची वाफ होते. दिवसाला १.६ ते १.८ कोटी लिटर. टॉवरमधले क्षार वाढू नयेत म्हणून काही पाणी सोडून द्यावं लागतं. ते धरलं की रोजची भर २.२ ते २.४ कोटी लिटर. माणशी १३५ लिटरने पावणेदोन लाख लोकांचं पाणी. वर्षाला ०.३ टीएमसी. खडकवासला साखळीच्या २९ टीएमसीपुढे आकडा लहान वाटेल. पण भामा आसखेडचं पाणी पुण्याचा पूर्व भाग, पिंपरी-चिंचवड आणि शेती यांच्यात आधीच वाटलेलं आहे, आणि पवनेच्या बंद जलवाहिनीच्या वादात ऑगस्ट २०११ मध्ये मावळात गोळीबार होऊन तीन शेतकरी गेले. कोरड्या हवेने थंड करता येतं, पण खर्च वाढतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात, नेमकी मागणी चढते तेव्हा, उत्पादन घटतं.

“एका मैदानाएवढी जागा.” इमारतीपुरतं खरं. पण भारतातल्या स्थळ-संहितेत भट्टीभोवती किमान एक किलोमीटर त्रिज्येचं, वस्तीला मनाई असलेलं क्षेत्र असतं: ३१४ हेक्टर, जवळपास ७७५ एकर. छोट्या भट्टीसाठी ते ५०० मीटरवर आणलं, तरी १९४ एकर. चाकण-तळेगावच्या जमिनीचे भाव ज्यांना माहीत आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको. शिवाय आपत्कालीन नियोजनाचा पट्टा आजवर १६ किलोमीटरचा राहिला आहे, आणि चाकणभोवती १६ किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर आत आळंदीची वारी येते.

“धोका शून्य.” अर्धं खरं, आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे. ९०० मेगावॅट औष्णिक क्षमतेची, म्हणजे ३०० मेगावॅट वीज देणारी भट्टी बंद केल्याक्षणी ६० मेगावॅटच्या आसपास अवशिष्ट उष्णता राहते. दिवसाभरात ती साडेचार मेगावॅटवर येते. एवढी उष्णता पंपाशिवाय, नैसर्गिक प्रवाहाने बाहेर काढणं छोट्या भट्टीत खरोखर सोपं जातं. म्हणजे धोका कमी होतो, शून्य होत नाही. आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप लक्षात घेता इथे जागेवरचा भूकंप-अभ्यास टाळताच येणार नाही.

पाणबुडीचा दाखला इथे लागू पडत नाही. अमेरिकी पाणबुड्यांत ९० टक्क्यांहून जास्त समृद्ध युरेनियम वापरतात, आणि तिथे युनिटचा दर कुणी विचारत नाही.

मग काही शक्य आहे का? आहे. केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात अणुऊर्जा मोहिमेला २०,००० कोटी दिले आणि २०३३ पर्यंत किमान पाच स्वदेशी छोट्या भट्ट्यांचं लक्ष्य ठेवलं. त्यातली २०० मेगावॅटची बीएसएमआर (भारत स्मॉल मॉड्युलर रिॲक्टर) अजून उभी राहायची आहे. हाताशी आहे ती २२० मेगावॅटची जड पाण्याची भट्टी. ती नैसर्गिक युरेनियमवर चालते. कर्नाटकातल्या कैगा इथल्या अशाच पहिल्या युनिटने २०१८ मध्ये सलग ९६२ दिवस चालण्याचा विक्रम केला. जड पाण्याच्या भट्ट्यांची अवजड यंत्रसामग्री इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरमध्ये बनत आली आहे. एनपीसीआयएल या सरकारी अणुवीज कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये याच भट्टीसाठी खासगी उद्योगांकडून प्रस्ताव मागवले: पैसा उद्योगाचा, चालवणार एनपीसीआयएल, वीज उद्योगाच्या स्वतःच्या वापराला. ही ट्रकवरून येत नाही, दोन वर्षांत होत नाही, आणि चाकणमध्येच असण्याचीही गरज नाही. पाणी आणि जागा असेल तिथे बांधून वीज तारेने आणता येते.

एखाद्या उद्योजक संघटनेपुढे असा प्रस्ताव आलाच, तर सादरीकरण बघण्याआधी चार कागद मागावेत: हाच आराखडा कुठे चालू आहे आणि त्याचा प्रत्यक्ष भारांक किती, एईआरबी या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे, जलसंपदा खात्याचं पाणी-आरक्षणाचं पत्र, आणि खर्च दीडपट झाला तर वाढीव रक्कम कोण भरणार, हे लिहिलेला कराराचा मसुदा. आयडाहोतला प्रकल्प या चौथ्या प्रश्नावर अडकला. तिथे भागीदार पालिकांनी दर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर बाहेर पडण्याची वाट करारातच ठेवली होती.