व्हिएतनाम आणि शिवाजी महाराज: तो मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढं वाचा

दर शिवजयंतीला एक मेसेज हमखास फिरतो, यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर तो दोन काकांनी आणि एका मामेभावाने असा तीनदा टाकला. त्यात लिहिलंय की एवढ्याशा व्हिएतनामने मूठभर सैनिकांनिशी अमेरिकेला हरवलं, जिंकल्यावर पत्रकारांनी तिथल्या राष्ट्राध्यक्षांना विचारलं हे कसं जमलं, तर ते म्हणाले की आम्ही शिवाजी नावाच्या थोर राजाचं चरित्र वाचलं आणि त्याची युद्धनीती वापरली. पुढे ते वारले तेव्हा त्यांच्या समाधीवर म्हणे ते महाराजांचे मावळे होते असं कोरलं, आणि मग त्यांचे परराष्ट्रमंत्री भारतात आले ते रायगडावर जाऊन तिथली माती घेऊन गेले.

मी स्वतः रायगड पायऱ्यांनी कितीतरी वेळा चढलोय, समाधीपुढे उभं राहिलं की आजही घसा दाटून येतो, आणि नेमकं म्हणूनच हे लिहितोय.

पहिली गोष्ट राष्ट्राध्यक्षांची. मेसेजमध्ये नाव नसतं पण सगळे हो ची मिन्ह असंच समजतात. हो ची मिन्ह वारले 2 सप्टेंबर 1969 ला. अमेरिकेचं सैन्य बाहेर पडलं मार्च 1973 मध्ये आणि दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन पडली 30 एप्रिल 1975 ला. मग जिंकल्यानंतरच्या पत्रकार परिषदेत ते बोलले कसे?

समाधीचंही तेच. त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की माझं दहन करा, पण त्यांच्या कम्युनिस्ट पक्षाने ऐकलं नाही आणि त्यांचा देह जतन करून हनोईत बा दिन्ह चौकातल्या मोठ्या वास्तूत ठेवला, हजारो लोक रांग लावून बघून येतात, आपले टूरवाले पण नेतात. त्या इमारतीवर ‘राष्ट्राध्यक्ष हो ची मिन्ह’ एवढंच कोरलेलं आहे, मावळा वगैरे काही नाही.

आता खरा मुद्दा, युद्धनीतीचा. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण इथे आपण दुसऱ्यांच्या मेलेल्या सैनिकांचं श्रेय उचलून आपल्या खिशात टाकतोय.

अमेरिकेशी लढलेली फौज तयार झाली ती त्याआधी, तिथे राज्य करणाऱ्या फ्रेंचांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात, म्हणजे 1946 ते 1954. ती उभी केली व्हो न्गुएन जियाप यांनी, हा माणूस हनोईतल्या शाळेत इतिहास शिकवायचा, कुठल्याही लष्करी शाळेत गेलेला नाही, पहिली बायको फ्रेंचांच्या तुरुंगात वारली. 22 डिसेंबर 1944 ला काओ बांगच्या जंगलात त्यांनी पहिली तुकडी उभी केली, 34 जण, त्यात तीन बायका, बरेचसे तिथल्याच डोंगरातल्या ताय आणि नुंग जमातींचे. तुकडीला नाव दिलं त्रान हुंग दाओ यांचं. हे कोण तर तेराव्या शतकातले त्यांचे सेनापती, ज्यांनी 1288 मध्ये बाक दांग नदीच्या तळाशी टोकदार खांब रोवून भरती ओसरल्यावर मंगोलांचं आरमार त्यावर अडकवलं. म्हणजे प्रेरणा कुठून घेतली ते त्यांनी पहिल्याच दिवशी नावात लिहून ठेवलंय! शिवाय ले लोई नावाच्या नेत्याने 1418 पासून दहाएक वर्षं डोंगरात राहून चीनच्या मिंग फौजेला हाकललं, क्वांग त्रुंग या राजाने 1789 च्या ऐन नववर्षाच्या सणात चिनी छावणीवर छापा घातला, ही त्यांची घरची पुस्तकं आहेत, शाळेतल्या पोरांना पाठ असतात. वर चीनचा कम्युनिस्ट नेता माओ याचं दीर्घकालीन युद्धाचं तीन टप्प्यांचं गणित, आधी बचाव, मग बरोबरी, मग प्रतिहल्ला. आता डोंगर, स्थानिक माणसं, बलाढ्य शत्रू हे सगळं आपल्याशी जुळतं हे खरंय, बारा मावळातली माणसं आणि काओ बांगची माणसं यात साम्य मलाही दिसतं, पण सारखी अडचण आली की माणसं सारखा मार्ग शोधतात, त्यासाठी एकाने दुसऱ्याचं चरित्र वाचलेलं असावं लागत नाही.

आणि फ्रेंचांना संपवणारी लढाई तर गनिमी कावा नव्हतीच. दिएन बिएन फू, 13 मार्च ते 7 मे 1954, सरळसरळ वेढा, तोफा आणि खंदक. फ्रेंच दरीत बसले होते, आजूबाजूच्या डोंगरांवर तोफा चढवणं शक्यच नाही असं धरून. जियापच्या माणसांनी त्या दोरखंड लावून हाताने ओढत चढवल्या. हल्ला ठरला जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सगळी तयारी झालेली, आणि ऐनवेळी जियापनी तो रद्द केला, का तर तोफा नीट बसलेल्या नाहीत, माणसं फुकट मरतील. ज्या तोफा इतक्या हालाने आणल्या त्या परत मागे ओढा असा हुकूम दिला, विचार करा काय वाटलं असेल त्या पोरांना. आयुष्यातला सगळ्यात कठीण निर्णय हाच होता असं ते पुढे सांगायचे. त्या परतीच्या वाटेवर दोर तुटून तोफ दरीकडे घसरायला लागली तेव्हा तो व्हिन दिएन नावाचा सैनिक चाकाखाली आडवा झाला, तोफ थांबली, तो गेला. तिकडच्या पोरांना हे नाव माहीत असतं जसं आपल्याकडे बाजीप्रभू.

दीड महिन्याने हल्ला झाला तेव्हा तोफा डोंगराच्या पोटात खणून लपवलेल्या होत्या, फ्रेंचांना त्या सापडेनात, त्यांचा तोफखानाप्रमुख कर्नल पिरोथ याने तिसऱ्याच दिवशी हातबॉम्बने जीव दिला. मार्चअखेर धावपट्टी बंद पडली, मग जे येईल ते पॅराशूटनेच.

मेसेजमधलं ‘मूठभर सैनिक’ पण चूक. वेढ्यात जियापकडे 50,000 च्या आसपास सैनिक होते, मागे अडीच लाखांवर हमाल आणि वीस हजार सायकली, एकेका सायकलवर बांबू बांधून 200 किलो आणि जास्त तांदूळ, दारूगोळा, चालवायची नाही, ढकलत न्यायची. तोफा आणि सल्लागार चीनचे. आणि विजय स्वस्तात नाही मिळाला, पूर्वेच्या टेकड्यांवर 30 मार्चपासूनच्या हल्ल्यांत इतकी माणसं पडली की सैनिकांचं मनोबल ढासळलं, मग जियापनी समोरून धावत जाणं थांबवून खंदक खणत खणत पुढे सरकायला लावलं.

राहिली रायगडच्या मातीची गोष्ट. त्यात मंत्र्याचं नाव नाही, साल नाही, भारतात कोण भेटलं तेही नाही. काका, तुम्ही मला लहानपणी शिकवलंत की महाराजांबद्दल बोलताना बखर असो की पत्र, आधार दे. मग इथे का नको?

भारताचा आणि त्या युद्धाचा खरा संबंध हवा असेल तर आहे, पण तो फॉरवर्ड करायला कुणाला आवडणार नाही. सप्टेंबर 1945 मध्ये ब्रिटिशांनी जनरल ग्रेसीच्या हाताखाली विसावी इंडियन डिव्हिजन सायगॉनला उतरवली, काम होतं महायुद्धात हरलेल्या जपान्यांची शस्त्रं काढून घेण्याचं, पण त्याच आपल्या जवानांना व्हिएत मिन्हशी, म्हणजे हो ची मिन्ह यांच्या स्वातंत्र्यवाद्यांशी, लढायला लावून फ्रेंचांना परत गादीवर बसवलं. नेहरूंनी तेव्हाच जाहीर विरोध केला होता. त्या डिव्हिजनमधले काही जवान तिकडेच पडले, ज्यांच्यावर गोळी झाडली ते आपल्यासारखेच गुलाम देशातले होते, आणि त्यांच्यावर एकही मेसेज येत नाही.